धोतराला नीळ जास्त

टेंभुर्णीत मामांकडे नवा टीव्ही आला आणि मुहूर्ताला १९७२चा 'पिंजरा' लागला. मामांच्या पोरानं 'व्हिव्हिड' दाबलं. मास्तरांच्या धोतराला नीळ चढली, संध्याबाईंच्या गालावर गुलाल. "आता कसा एक नंबर!"

मामा भडकले. "असा नव्हताच तो! म्या तंबूत पाहिलाय." तंबूत, म्हणजे कार्बनच्या कांड्यांच्या उजेडात, बिड्यांच्या धुरातून, वाऱ्यानं हलणाऱ्या पडद्यावर. अस्सल रंगाचा आमचा पुरावा हा असा.

बरं, फिल्म तरी कुठं जागेवर राहते? जुन्या ईस्टमनकलर प्रिंटमधली निळी-हिरवट छटा आधी उडते, उरतो तो लालपणा. मग ट्रान्सफर करणारा अंदाजानं रंग सावरतो आणि आपण त्याला खोटा ठरवतो, तेही भर दुपारी, दार सताड उघडं टाकून. ('पिंजरा'च्याच शांतारामांनी १९३३ला 'सैरंध्री'चे रंग थेट जर्मनीत करवून घेतले, तरी फसलेच.)

शेवटी मामींनी उठून दार लावलं, ब्राइटनेस उतरवला. धोतर पांढरं झालं.

"अंधारात काय दिसतंय?" म्हणत मामा दार उघडायला उठले.