बेंचमार्क काका

डोंबिवली पूर्वेला आमच्या सोसायटीत कुणाकडे नवा कंप्युटर यायचा असला, की तो ठरल्यापेक्षा दोन-अडीच वर्षं उशिरा येतो. पैशाची अडचण नसते, दुकानदारही हजर असतो. पण तिसऱ्या मजल्यावर बेंचमार्क काका राहतात.

त्यांचं खरं नाव आता मेन्टेनन्सच्या पावतीवर तेवढं उरलंय. वय सत्तेचाळीस, नोकरी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीच्या हिशेब खात्यात, शर्टाच्या खिशात रेल्वेचा पास, पेन आणि एक छोटी स्टीलची टेप. टेप ग्राफिक कार्ड मोजायला. हल्लीची कार्डं फुटाएवढी लांब असतात, काही तर साडेतीनशे मिलीमीटरच्याही पुढे जातात आणि मग कॅबिनेटचं झाकण लागत नाही. हे ज्ञान काकांनी लिफ्टमध्ये, स्मशानात आणि एकदा तर सत्यनारायणाच्या कथेत, साधुवाण्याची नौका बुडत असताना, शेजारच्याच्या कानात ओतलेलं आहे.

सल्ला मागायला आलेल्याला ते काय चालवायचंय, बजेट किती, असलं काही विचारत नाहीत. त्यांचा प्रश्न एकच. "घाई आहे का?" घाई आहे असं कबूल करणं डोंबिवलीकराला कमीपणाचं वाटतं. तो म्हणतो, "छे, घाई कसली!" आणि तिथेच फसतो. "मग थांबा," काका म्हणतात. "नवीन येतंय."

आपल्याकडे खरेदीला साडेतीन मुहूर्त. काकांच्या पंचांगात दोन पर्वण्या: जानेवारीत लास व्हेगासचं सीईएस आणि मे-जूनमध्ये तैपेईचं कॉम्प्युटेक्स. १९८१पासून भरणाऱ्या या कॉम्प्युटेक्सची काकांना खडान्‌खडा माहिती, आणि पासपोर्ट नाही. या दोन्ही पर्वण्या खरेदीला वर्ज्य. कारण आत्ताच जाहीर झालेलं घ्यायचं नसतं, पहिल्या लॉटला भाव चढा असतो. चार महिन्यांनी विचारावं तर, "आता कशाला? पुढच्या शोला नवीन येतंय." आणि मधल्या काळात? मधल्या काळात माल नसतो.

या स्वभावाचं मूळ २००० सालात आहे. १९९६मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू नावाचं कार्ड आलं, तेव्हा काका पेंढरकर कॉलेजात बी.कॉम.ला होते. ते कार्ड एकटं चालायचंच नाही, साध्या चित्रासाठी शेजारी दुसरं कार्ड लागायचं आणि पाठीमागून एकाची वायर दुसऱ्याला जोडावी लागायची. काका त्याच्या प्रेमात पडले. पुढे २००० साली त्याच कंपनीचं व्हूडू फाइव्ह आलं. शिकवण्यांचे पैसे साठवून काका घेणार, घेणार, तोच त्या वर्षाच्या डिसेंबरात कंपनीनेच हात टेकले आणि आपली मालमत्ता विकली, तीही प्रतिस्पर्धी एनव्हिडियाला. घेतलं असतं तर वर्षाच्या आत कार्ड अनाथ झालं असतं. त्या दिवशी काकांमधल्या हिशेबनिसाला साक्षात्कार झाला: न घेतलेल्या कार्डाला घसारा लागत नाही.

तेव्हापासून काळाने त्यांना एकदाही तोंडघशी पाडलं नाही. २०१७-१८मध्ये क्रिप्टोच्या खाणवाल्यांनी कार्डं उचलली, भाव भडकले: थांबा. २०१८च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत कोलोनला रे ट्रेसिंगवाली आरटीएक्स कार्डं आली. पहिली पिढी आहे, थांबा. सप्टेंबर २०२०मध्ये एनव्हिडियाच्या जेन्सन हुआंगने आपल्या स्वयंपाकघरात उभं राहून ३०८० दाखवलं, किंमत ६९९ डॉलर. काकांच्या तोंडचं पाणी पळालं, कारण या भावाला नाही म्हणायला कारणच उरलं नव्हतं. पण ते कार्ड त्या भावात कुणाला मिळेचना, आणि काकांचा जीव भांड्यात पडला. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने खाणकाम बंद केलं, वापरलेली कार्डं स्वस्तात बाहेर आली. "खाणीत राबलेलं कार्ड घरात आणायचं नसतं," काका म्हणाले. लगोलग ४०९० आलं, पण काही ठिकाणी त्याच्या वीजजोडणीचा प्लग वितळल्याच्या बातम्या आल्या. मग तर बोलायलाच नको.

जेन्सन हुआंगचा उल्लेख ते 'जेन्सन' असा एकेरीत, भाच्याचा करावा तसा करतात. एएमडीच्या प्रमुख लिसा सू मात्र 'लिसाबाई'. दोघांचा जन्म तैवानमधला, आणि दोघं एकमेकांचे लांबचे नातेवाईक, ही गोष्ट कळल्यापासून काका त्या सगळ्या स्पर्धेकडे भाऊबंदकी म्हणूनच बघतात. "घरातलं भांडण आहे हो. दोघं भाव पाडणार नाहीत. आपण मध्ये पडायचं नाही."

२०२४च्या मे-जूनच्या सांध्यावर ठाण्याचा पाच नंबरचा फलाट रुंद करायला मध्य रेल्वेने ६३ तासांचा ब्लॉक घेतला. अख्खी डोंबिवली घरात बसून रेल्वेला शिव्या मोजत होती. काकांना ब्लॉकचा पत्ताच नव्हता, कारण रविवारी २ जूनला आपल्या साडेचार वाजता जेन्सन तैपेईत बोलणार होता. खेळाचं नवं कार्ड त्या दिवशी आलं नाही. पण ब्लॅकवेल नावाची पिढी अजून दुकानात पोचायची होती आणि जेन्सनने तिच्या पुढच्या पिढीचंही नाव सांगून टाकलं: रुबिन. ते सगळं एआयच्या मोठाल्या यंत्रांसाठी होतं, पण काका तेवढ्यावर खूश. थांबायची पुढच्या दोन वर्षांची सोय झाली होती.

पुढच्या वर्षी मात्र वेळ वाईट आली. १९ मे २०२५, सोमवार. तैपेईतले अकरा म्हणजे आपले सकाळचे साडेआठ, आणि साडेआठला डोंबिवलीकर कुठे असतो हे सांगायला नको. मी त्याच डब्यात होतो. एका हाताने वरची कडी, दुसऱ्या हातात मोबाइल नाकाला लावलेला, कानात इअरफोन आणि पायात दुसऱ्याची बॅग, अशा अवस्थेत काका कॉम्प्युटेक्स बघत होते. कोपऱ्यात भजनी मंडळ रंगात आलेलं. दिव्याच्या पुढे काका एकदम ओरडले, "आला! आला!"

भजन थांबलं. निम्म्या डब्याने पास चाचपले.

"कोण आला?"

"जेन्सन!"

"टीसी नाही ना? मग घ्या हो पुढचं," असं म्हणून टाळ परत सुरू झाले. मुंब्र्यापर्यंत काका कळवळून सांगत होते: एआय म्हणतोय, परत एआय, कारखाना म्हणतोय, तोही एआयचा. खेळाच्या कार्डाला त्या लांबलचक भाषणात जेमतेम वाटा. त्याच दिवशी ५०६० बाजारात आलं, २९९ डॉलरला. दोन दिवसांनी लिसाबाईंच्या कंपनीने ९०६० एक्सटी जाहीर केलं, आठ जीबीचं २९९ला आणि सोळा जीबीचं ३४९ला. म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्यातली दोन कार्डं एकाच आठवड्यात. काका आठवडाभर घरात गप्प होते. काकूंना वाटलं, ऑफिसात काही झालं.

त्यांचं मन खरं रमतं ते आवाक्याबाहेरच्या कार्डात. जानेवारी २०२५मध्ये लास व्हेगासला ५०९० जाहीर झालं. बत्तीस जीबी मेमरी, ५७५ वॉट, भारतातली किंमत २ लाख १४ हजार. काकांनी रात्री वही काढली. रोज चार तास धरले तर २.३ युनिट, महिन्याला ६९. म्हणजे महावितरणच्या शंभर युनिटांच्या टप्प्यातला मोठा घास एकटं कार्डच खाणार, वर हजार वॉटचा पॉवर सप्लाय हवा. काटकसरीचा उपाय म्हणून त्यांनी गीझर बंद करायचं ठरवलं. घरात नसलेल्या कार्डापायी त्या जानेवारीत त्यांच्याकडे दोन दिवस थंड पाण्याच्या आंघोळी झाल्या. तिसऱ्या दिवशी काकूंनी वही माळ्यावर टाकली.

त्याच समारंभात जेन्सनने सांगितलं होतं, ५४९ डॉलरचं ५०७० जुन्या ४०९०च्या तोडीचं काम देईल. यातली मेख काकांनी सोसायटीच्या गच्चीवर सगळ्यांना समजावून सांगितली. पडद्यावर चार चित्रं दिसतात, त्यातलं एक कार्डाने खरोखर काढलेलं असतं. मधली तीन एआयने अंदाजाने घातलेली. "एक खरं, तीन अंदाजाने!"

"तुमच्या कामांसारखंच की," काकू म्हणाल्या. "एक केलेलं, तीन करतो म्हणून सांगितलेली."

रे ट्रेसिंग मात्र त्यांनी मुलांना मनापासून शिकवलं. पावसाळ्यातली संध्याकाळ, मानपाडा रोडच्या कडेला हे भलंमोठं डबकं, त्यात उडप्याच्या हॉटेलची लाल-हिरवी पाटी उलटी पडलेली. काका चार पोरांना घेऊन डबक्याच्या काठाशी उकिडवे बसले. "हे बघा. पूर्वीच्या गेममध्ये हे चित्र आधीच रंगवून ठेवायचे. आता प्रकाशाचा एकेक किरण कुठून निघाला, कशावर आपटला, हे कार्ड मोजत बसतं. पाटीवरनं पाण्यात, पाण्यातनं डोळ्यात. लाटा आल्या की पाटी कशी हलते ते..." एवढ्यात एक शेअर रिक्षा त्या रे ट्रेसिंगमधून गेली. पोरं पळाली. काका चष्मा पुसत म्हणाले, "पाण्याचे थेंब बघितलेत? याला किती ताकद लागते माहितीये?"

पहिल्या मजल्यावरच्या नानांची लेक चिनू २०२२मध्ये आर्किटेक्चरला गेली आणि नानांनी काकांना विचारलं. इथून पुढचं सगळं ओघाने आलंच. पहिलं वर्ष थांबण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी काका नानांना घेऊन दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला, तिथून लॅमिंग्टन रोडला गेले. मीही होतो. काकांनी तिथे एक कार्ड बाहेर काढायला लावलं, खिशातली टेप लावली, चष्मा कपाळावर चढवून मोबाइलच्या उजेडात पंख्याची पाती न्याहाळली, पाठीवरचे स्क्रू मोजले आणि विचारलं, "व्हीआरएम किती फेजचं?" दुकानदार तिसऱ्या गिऱ्हाइकाचं बिल फाडत होता. तो मान वर न करता म्हणाला, "अंकल, लेना है क्या?" हा प्रश्न काकांना नेहमीच असभ्य वाटतो. त्यांनी कार्ड हलक्या हाताने पिशवीत सरकवलं, पिशवी खोक्यात ठेवली, खोकं पूर्वीसारखं बंद केलं आणि आम्ही तिघं दोसा खाऊन परत आलो.

घरी काकांचं स्वतःचं जे कार्ड आहे ते जीटीएक्स १०५० टीआय, २०१६चं, चार जीबीचं. ७५ वॉटमध्ये भागतं, वेगळी वायर लागत नाही. हेसुद्धा त्यांनी घेतलेलं नव्हे, मेहुण्याने अमेरिकेहून न विचारता आणलं. त्यावर काका सॉलिटेअर खेळतात. आणि दर रविवारी अंघोळीनंतर हेवन नावाचा एक जुना, २००९चा बेंचमार्क चालवतात. पडद्यावर आभाळात तरंगणारी बेटं आणि एक उडतं जहाज फिरत राहतं, आणि शेवटी फ्रेमचा आकडा येतो. तो ते वहीत लिहितात. कार्ड तेच, कंप्युटर तोच, त्यामुळे आकडाही तोच. एखाद्या रविवारी एक फ्रेम कमी आली तर दुपारचं जेवण जात नाही.

चिनूने शेवटी गेल्या दसऱ्याला कुणाला न विचारता ५०६० टीआय मागवलं, सोळा जीबीचं. चौथ्या वर्षाच्या प्रोजेक्टचा रेंडर रात्रभर चालायचा आणि सकाळी अडकलेला सापडायचा. तिचा संयम संपला. पण बसवायला कुणाचा हात धजेना. काकांना बोलवावंच लागलं. ते स्वतःचे स्क्रूड्रायव्हर घेऊन आले, आधी नळाला हात लावून अंगातली वीज घालवली, चिनूलाही लावायला लावला. मग तासभर एक शब्द न बोलता त्यांनी वायरी सोडवल्या, मागची पट्टी काढली, कार्ड दोन्ही हातांनी खाचेत बसवलं आणि खुट्‌ असा आवाज येईपर्यंत श्वास रोखून धरला. इतकं नीटस काम मी दुकानातही पाहिलं नाही. एवढं येत असताना हा माणूस स्वतः का घेत नाही, असं वाटून मला क्षणभर रागच आला. रेंडर सुरू झाला तेव्हा चिनूने त्यांना वाकून नमस्कार केला. पैसे विचारले तर काकांनी कान धरले.

"फक्त ते रिकामं खोकं देतेस का?"

खोक्यांचं प्रकरण मला तेव्हा कळलं. काकांच्या कपाटावर छतापर्यंत दुसऱ्यांच्या कार्डांची रिकामी खोकी रचलेली आहेत, पिढीवार, लेबल बाहेरच्या बाजूला. नवा पाहुणा आला की त्याला वाटतं, या घरात वीस-पंचवीस लाखांचा माल आहे. काका त्याचा गैरसमज ताबडतोब दूर करत नाहीत.

वर्षअखेर रॅमचे भाव भडकले, चिनूने घेतलं ते योग्य वेळी घेतलं असं सोसायटीत बोललं जाऊ लागलं. काकांनी श्रेयातला आपला वाटा उचलला: "मी तिला अडवलं नाही ना!"

पाडव्याच्या आधीच्या साफसफाईत काकूंनी रद्दीवाल्याला थेट वर बोलावलं. त्याने खोक्यांवर नजर टाकली, ताणकाटा काढला आणि पुठ्ठ्याचा किलोचा भाव सांगितला. काकू हो म्हणणार, तेवढ्यात काका बाल्कनीतून आत आले.

"घाई आहे का?" त्यांनी रद्दीवाल्याला विचारलं. "पुठ्ठा चढतोय. जूनमध्ये ये."