तेल तापल्यावर बोला

मशिन बघायला सकाळी बोलावतात. आठ वाजता, गार हवेत, मऊ मातीच्या ढिगाऱ्यावर. बूम झरकन वर जाते, बकेट भरते, मशिन गर्रकन फिरतं आणि अर्ध्या तासात बयाणा दिला जातो. माझं सांगणं एवढंच : बयाणा दुपारी द्या.

मिनी एक्स्कॅव्हेटर, आपल्या बोलीत छोटं पोकलेन. गल्लीत, बागेत, घराच्या जोत्याला खेटून शिरतं, म्हणून गावोगावची तरुण पोरं ते कर्ज काढून घेतात. मशिन बंद पडलं म्हणून हप्ता थांबत नाही. अशी खरेदी रंग बघून कशी करायची?

खरी गोम हायड्रॉलिक तेलात आहे. तेल गार असतं तेव्हा घट्ट असतं, त्यामुळे झिजलेला पंपही जोर दाखवतो. तापून पातळ झालं की ते झिजेच्या फटींतून आतल्या आत निसटतं आणि बूम मंदावते. म्हणून दोन तास सलग खोदकाम करून बघा. भरलेली बकेट वर जायला सकाळी किती सेकंद लागले आणि दुपारी किती, हे मोबाइलवर मोजा.

गेल्या मे महिन्यात एका ओळखीच्या मुलाबरोबर जुनं मशिन बघायला गेलो होतो. रंग कोरा करकरीत. दोन तास चालवल्यावर भरलेली बकेट वर धरून इंजिन बंद करायला सांगितलं. सगळ्यांना लांब उभं केलं. शेजारी आधीच रोवलेल्या बांबूवर बकेटच्या दातांच्या उंचीला चुन्याची खूण होती. दहा मिनिटांत दात खुणेच्या वीतभर खाली. लिव्हरला कुणाचा हातही लागला नव्हता. सिलिंडरची सीलं गेलीत की व्हॉल्व्ह, हे मिस्त्री सांगेल. आमच्यापुरता निकाल लागला होता.

जमीनही आपलीच हवी. देशावर काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, कोकणात जांभा. जिथे खोदायचंय तिथे खोदून बघा. ब्रेकर लावणार असाल तर ब्रेकर लावूनच बघा. चढावर चालवा, मशिन एका अंगाला ओढत असेल तर कारण विचारा. बकेट हलवून पिना-बुशांची खडखड ऐका. आणि पोचल्या पोचल्या पहिला हात बॉनेटवर ठेवा. ते गरम लागलं तर परत जा आणि दुसऱ्या दिवशी न कळवता या. गार इंजिन कसं सुरू होतं, हेच तुमच्यापासून लपवलेलं असू शकतं.

विक्रेत्यांनो, तुमचा माल चोख असेल तर दोन तास द्यायला हरकत कसली? डिझेल घेणारा भरेल. कर्ज देणाऱ्यांनो, कागद तपासता तसं मशिनही तापवून बघा. आणि घेणाऱ्यांनो, सोबत आपला ऑपरेटर न्या. दिवसभर त्या सीटवर तो बसणार आहे. तो नाही म्हणाला की नाही.

त्या मुलाने बयाण्याचे पैसे परत खिशात घातले, बांबू उपटला आणि गाडीत टाकला. पुढचं मशिन बघताना लागणार होता.