लाल वस्तू आणा, तीस सेकंद!

आमच्या कंपनीत मौज करायची वेळ ठरलेली आहे. शुक्रवार, दुपारी साडेचार. कॅलेंडरात रीतसर निमंत्रण येतं, त्याच्याखाली 'येणार', 'येणार नाही' आणि 'बघतो' अशी तीन बटणं असतात, आणि चुकून 'येणार नाही' दाबलं गेलं की पाचव्या मिनिटाला एचआरच्या मॅडमचा फोन येतो, "सर, घरी सगळं ठीक आहे ना?" म्हणजे मौज ऐच्छिक आहे. चौकशी सक्तीची.

मी पगारपत्रकं बघतो. कंपनी पुण्याची, मी नाशिकला, बाकीची टीम कोइम्बतूर, गुरुग्राम आणि इंदूरला, शिवाय एक मुलगी डब्लिनमध्ये. 25 मार्च 2020 ला देश बंद झाला तेव्हा आम्ही पंधरा-वीस दिवसांसाठी म्हणून लॅपटॉप घेऊन घरी आलो, आणि मग वरच्या कुणाच्या तरी ध्यानात आलं की जागेचं भाडं वाचतंय. ऑफिसचा मजलाच सोडला. तेव्हापासून आमच्या बेडरूममधलं इस्त्रीचं टेबल हे माझं ऑफिस आहे. त्याची उंची कमीजास्त करता येते, त्यामुळे पाठीला बरं, फक्त रविवारी संध्याकाळी शर्टांचा ढीग आला की ऑफिस रिकामं करून द्यावं लागतं.

त्या दिवसांत झूमने जाहीर केलं होतं की त्यांच्याकडच्या रोजच्या मीटिंगांमधली हजेरी डिसेंबर 2019 च्या एक कोटीवरून एप्रिल 2020 मध्ये तीस कोटींवर गेली. पुढे खुलासा आला की ही डोकी नव्हेत, हजेऱ्या आहेत. एक माणूस दिवसात चार मीटिंगांना बसला तर तो चारदा मोजायचा. त्या तीस कोटींत मी बऱ्यापैकी भर घातली असणार. त्यातला बहुतेक वेळ मी म्यूटवर बोलत होतो, ते त्यांनी कुठे धरलंय कोण जाणे.

मॅडमचं म्हणणं असं की माणसं एकमेकांना दिसत नाहीत, चहाला एकत्र जात नाहीत, मग टीम म्हणायची कशाला? यात खोटं काही नाही. त्यांनी खेळ सुरू केले ते पोटतिडकीने, आणि तेही फुकटच्या खात्यावर, त्यामुळे चाळीस मिनिटं झाली की मीटिंग आपोआप बंद पडते. आमच्या आनंदावर कंपनीने केलेला खर्च शून्य आहे, आणि या एका काटकसरीबद्दल मी व्यवस्थापनाचा ऋणी आहे.

पहिला खेळ सोपा होता. स्वतःबद्दल तीन वाक्यं सांगायची, दोन खरी आणि एक खोटं, आणि बाकीच्यांनी खोटं ओळखायचं. मी आदल्या रात्री वहीत लिहूनच ठेवली: मी ब्रह्मगिरी चढलोय, मी चहाला शिवत नाही, आणि मी या कंपनीत पहिल्या वर्षापासून आहे. यातलं चहाचं वाक्य मी हातात कप धरून, घोट गिळून, मिशीवरची साय पुसत म्हटलं. तरी बहुमताने तिसरं वाक्य खोटं ठरलं. "सर, तुम्ही आपल्या कंपनीत आहात?" कोइम्बतूरच्या मुलाने विचारलं, आणि त्याच्या आवाजात खवचटपणा अजिबात नव्हता, निखळ कुतूहल होतं. त्याचा पगार दर महिन्याला मीच काढतो.

मग आली अंताक्षरी. इथे मात्र मी बाह्या सरसावल्या. लग्नाच्या वऱ्हाडाच्या बसमध्ये मी मुलाकडच्यांना रडकुंडीला आणलेला माणूस. पण वऱ्हाडाच्या बसमध्ये सगळे एकाच बसमध्ये असतात, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नाही. आवाज इंटरनेटवरून इकडचा तिकडे जायला सेकंदाचा एखाद-दुसरा दशांश घेतो. बोलताना ते कुणाला कळतही नाही, पण एकत्र गायचं तर पंचवीस-तीस मिलिसेकंदांच्या पलीकडचा उशीर चालत नाही, ठेका सुटतो. त्यामुळे इंदूर अंतऱ्यावर पोचायचं तेव्हा डब्लिन अजून मुखड्यात असायची, आणि गुरुग्रामच्या बाई दोघांनाही सांभाळून घेण्याच्या नादात तिसरंच गाणं म्हणायच्या. अशात माझ्यावर 'म' आला. मी डोळे मिटले, एक हात कानाजवळ नेला, दुसरा हवेत सोडला, आणि मुखडा, अंतरा, मधल्या सतारीच्या जागेसकट अख्खं गाणं म्हटलं. डोळे उघडले तर खेळ 'य' वरून 'ह' वर गेला होता आणि मॅडम चिंतेने विचारत होत्या, "सर, मान आखडलीय का?"

रात्री चिरंजीवांनी उलगडा केला. मीटिंगचं सॉफ्टवेअर माणसाचं बोलणं तेवढं ठेवतं आणि पंखा, कुत्रं, रस्त्यावरची वर्दळ असा गोंगाट गाळून टाकतं. लांबवलेला सूरही त्याला गोंगाटच वाटतो, म्हणून गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाची वेगळी सोय ठेवलीय, ती आधी चालू करायची असते. मी केली नव्हती. आमच्या स्वयंपाकघरातल्या कुकरच्या तीन शिट्ट्या मात्र थेट डब्लिनपर्यंत गेल्या होत्या. सॉफ्टवेअरलाही कान असतात, हे मला तेव्हा पटलं.

हाउजीत गाण्याचा प्रश्न नव्हता. एक ते नव्वद आकडे, तिकिटाला तीन ओळी, नऊ रकाने, त्यात पंधरा आकडे. गणपतीत सोसायटीच्या मांडवात बसून खेळतो तीच. तिकीट मेलने आलं, आणि ते छापून घ्यावं असं मेलच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं. मी मेलची शेवटची ओळ वाचत नाही. मॅडमनी पहिला आकडा पुकारला तेव्हा माझ्यासमोर काचेच्या आत तिकीट आणि हातात बॉलपेन. आता खूण कशावर करणार? ड्रॉवर उघडला तर सौभाग्यवतींचं टिकल्यांचं पाकीट. काचेवर चिकटतात, निघतातही, आणि दिसतातही छान. मरून रंगाच्या, मधे खडा. पाच आकडे लागले तेव्हा मी 'जल्दी पाच' म्हणून ओरडलो, म्यूटवर. हरकत नाही, म्हटलं, फुल हाउस आपलंच. टिकल्यांवर टिकल्या लागत गेल्या. शेवटची ओळ नीट दिसेना म्हणून मी पान जरा वर सरकवलं.

आकडे सरकले. टिकल्या जागच्या हलल्या नाहीत.

हे मला दिसायला हवं होतं, पण विजयाच्या वासाने माणूस आंधळा होतो. मी म्यूट काढला, 'फुल हाउस' जाहीर केलं, मॅडमनी आकडे वाचायला सांगितले आणि मी टिकलीखालचा एकेक आकडा खणखणीत आवाजात वाचला. निम्मे पुकारलेलेच नव्हते, दोन जागी आकडाच नव्हता, आणि एक तर तिकिटाचा क्रमांक निघाला. बोगी! सोमवारी ऑडिटरांबरोबर मीटिंग होती. त्यात सुरुवातीची दहा मिनिटं सगळे मला कॅमेरा चालू करायला सांगत होते आणि मी तो चालूच आहे असं शपथेवर सांगत होतो, तोवर सौ. चहा घेऊन आली आणि तिने लॅपटॉपच्या कपाळावरची टिकली काढून घेतली.

आता लाल वस्तू. हा खेळ मॅडमना फार आवडतो, कारण त्यात माणसं खुर्चीतून उठतात. मॅडम वस्तूचं वर्णन सांगणार, तीस सेकंदांत घरातून ती आणून कॅमेऱ्यासमोर धरायची. पहिलंच फर्मान सुटलं, "लाल वस्तू!" एखादा शहाणा माणूस काय करील? लाल पेन उचलील. सफरचंद आणील. माझ्या डोक्यात 'लाल' म्हटल्यावर जे पहिलं आलं ते ड्राय बाल्कनीत उभं होतं. भरलेला गॅस सिलिंडर. आत 14.2 किलो गॅस, वर त्याचं स्वतःचं वजन जवळजवळ तेवढंच, म्हणजे तीस किलोंच्या आसपास ऐवज. आमचा गॅसवाला पोरगा तो कलता करून, बुडाच्या कडेवर एका हाताने गरगर फिरवत, दुसऱ्या हाताने मोबाइल बघत आणतो. मला वाटलं, यात काय आहे?

यात बरंच काही आहे. मी फिरवला की सिलिंडर मला हव्या त्या दिशेला जात नाही, तो फ्रिजकडे जातो. फ्रिजपासून वळवला तर शू-रॅककडे. फरशीवर जो गडगडाट झाला त्याने दुपारची वामकुक्षी घेणारी आमची आई जागी झाली आणि आतूनच म्हणाली, "अरे, गॅसवाल्याला सुटे पैसे देऊ नकोस, मागच्या वेळचे त्याच्याकडेच आहेत." बेडरूमच्या उंबऱ्यावर मी त्याला मिठी मारून उचलला, कमरेत काहीतरी टचकन वाजलं, आणि घामाघूम होऊन मी एकदाचा त्या लाल ऐवजासह कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो. माझी कल्पना होती की टाळ्या पडतील. पण तोवर लाल वस्तू होऊन गेली होती, निळीही होऊन गेली होती, आणि चालू होती 'घरातली सर्वांत मऊ वस्तू'. एकीच्या हातात उशी, दुसऱ्याच्या कुशीत मांजर, डब्लिनच्या मुलीच्या गालाला मेंढीच्या लोकरीचा स्कार्फ, आणि मधल्या चौकोनात मी, सिलिंडरला कवटाळून.

"बाबा," दारातून चिरंजीव म्हणाले, "तुमचा टी-शर्ट लालच आहे की."

मी तीन दिवस आडवा होतो. त्या काळात पडल्या पडल्या वाचलं की स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये व्हिडिओ मीटिंगांनी माणूस का थकतो याची चार कारणं मांडली आहेत: सगळ्यांचे डोळे अंगावर येतात, स्वतःचंच तोंड सतत दिसतं, एका जागी खिळून बसावं लागतं, आणि न बोलता समजून घ्यायच्या गोष्टींसाठी मेंदूला जास्त खटपट पडते. विद्वान माणूस आहे, पण सिलिंडर त्याच्या यादीत नाही. तोंडाचं मात्र त्याने अगदी बरोबर सांगितलंय. माझ्या कपाळाची पीछेहाट कुठवर आली आहे, हे मला पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं. आता मी ती आठवड्याच्या आठवड्याला बघतो.

पण खरा कडेलोट झाला तो भूगोलात. जिओगेसर म्हणून एक खेळ आहे, 2013 साली स्वीडनमध्ये निघालेला. गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूमधला जगातला कुठलाही रस्ता समोर येतो, तो कुठला हे ओळखून नकाशावर पिन टोचायची, जितकं जवळ तितके गुण. एका फेरीला जास्तीत जास्त पाच हजार. आम्हाला सोपं जावं म्हणून मॅडमनी भारतातल्याच शहरांचा नकाशा निवडला होता. भारतात स्ट्रीट व्ह्यू रीतसर सुरू झालं जुलै 2022 मध्ये, दहा शहरांत, आणि त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचं अहमदनगर अशी चार आपली. कोइम्बतूरचा मुलगा माझ्या गटात होता. "महाराष्ट्र आला तर सर आहेत," तो म्हणाला. इतक्या दिवसांत माझ्यावर कुणी टाकलेला हा पहिला विश्वास.

महाराष्ट्र आला. मराठी पाट्या, रिक्षा, एक मेडिकल, रसवंतीचा गाळा. मी चष्मा पुसून पुढे सरसावलो. गाड्यांच्या पाट्या वाचाव्यात तर गूगलने माणसांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर पुसून ठेवलेले, त्यामुळे एमएच किती ते कळेना. मग मी अनुभवावर भिस्त ठेवली. "झाडं बघा," मी गटाला समजावलं, "धूळ बघा. रसवंती बघा, म्हणजे उसाचा पट्टा. हे शंभर टक्के नगर." गुरुग्रामच्या बाईंनी हळूच 'नाशिक तर नाही ना?' असं विचारलं होतं, त्यांना मी मोठ्या मनाने हसून म्हटलं, "मॅडम, नाशिकला मी राहतो." पिन नगरला टोचली.

तेवढ्यात मागून सौ. इस्त्रीचे कपडे घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघून म्हणाली, "अहो, हा आपला कॉलेज रोड ना? त्याच मेडिकलमधून तर तुमच्या कमरेचा बाम आणला!"

मी म्यूटवर असायला हवा होतो. आयुष्यात पहिल्यांदाच नव्हतो. डब्लिनपर्यंत सगळे हसले, अगदी खुर्चीवरून पडेपर्यंत, आणि मॅडम डोळे पुसत म्हणाल्या की असा फन फ्रायडे आजवर झाला नाही. त्याच दिवशी मला 'वर्षातला सर्वोत्तम सहभागी' असं ई-प्रमाणपत्र मिळालं. त्यात माझं आडनाव चुकलेलं आहे. आता कोइम्बतूरचा मुलगा मला अधूनमधून आपणहून फोन करतो आणि आधी कमरेची चौकशी करतो, मग पगाराची.

तर सांगायचं कारण असं की मला मौज समितीवर घेतलंय आणि पुढच्या शुक्रवारचा खेळ मी सुचवायचा आहे. ज्यात गावं लागत नाही, धावावं लागत नाही, काचेवर काही चिकटवावं लागत नाही आणि नाशिक ओळखावं लागत नाही, असा एखादा खेळ तुम्हाला माहीत असेल तर कृपा करून गुरुवारपर्यंत कळवा. नाही कळवलंत तर मी सगळ्यांना मेंढीकोट शिकवणार आहे, आणि चाळीस मिनिटांत मला स्वतःला त्याचे नियम आठवतील असं वाटत नाही.