पुलंचा ताजा लेख

पु. ल. देशपांडे अजून लिहितात. रोज लिहितात, पहाटे पाचच्या सुमारास, गुड मॉर्निंगच्या गुलाबाखाली. ते 12 जून 2000 रोजी गेले आणि व्हॉट्सअ‍ॅप 2009 साली आलं, पण एवढ्याशा कारणाने लिहिणं थांबवतील ते पुलं कसले! परवाच त्यांनी स्मार्टफोनमुळे घरातल्या गप्पा कशा संपल्या, यावर लिहिलं. व. पु. काळेही 2001 साली गेल्यापासून जरा जास्तच लिहितात. फक्त हल्ली प्रत्येक वाक्यानंतर सहा टिंबं देतात.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे साहित्य पुरवणारे काका निवृत्त ऑडिटर आहेत. हा माणूस वार्षिक सभेत झाडूचं बिल मागतो. नुसतं बिल नाही, त्यावर दुकानाचा शिक्का हवा, तारीख हवी, सेक्रेटरीची सही हवी. टाकी धुण्याच्या पावतीवर खाडाखोड निघाली तेव्हा सभा तिथेच अडली, चहा गार झाला. पण हेच काका 'नासाने टिपलेला दिवाळीतला भारत' पाठवतात तेव्हा शिक्का, सही, तारीख सगळं माफ. ते चित्र दिवाळीचं नाहीच. अमेरिकेच्या नोआ या संस्थेतल्या शास्त्रज्ञाने अनेक वर्षांच्या उपग्रहनोंदी एकत्र करून, वस्ती कुठे वाढली ते दाखवायला रंगवलेलं. नासाने 2012 मध्येच तसं सांगितलं. काकांना हे दाखवलं तर म्हणाले, "नासावाले कबूल करतील होय!" म्हणजे नासाचं नाव आहे म्हणून फोटो खरा, आणि नासा नाही म्हणते म्हणून तर अगदीच खरा.

ग्रुपची कसोटी ठरलेली आहे. अक्षरं ठळक आहेत का? 'मीडिया हे दाखवणार नाही' असं लिहिलंय का? आडनाव असलेला पण दवाखाना नसलेला एखादा डॉक्टर आहे का? मग ढकला पुढे. नोव्हेंबर 2016 मध्ये दोन हजारांच्या नोटेत चिप बसली ती अशीच. ती म्हणे जमिनीखाली 120 मीटरवरूनही उपग्रहाला आपला पत्ता कळवायची. मीडिया हे दाखवणार नाही म्हणावं, तर काही हिंदी वाहिन्यांनी तेही दाखवलं! रिझर्व्ह बँकेच्या पत्रकात नोटेची वैशिष्ट्यं छापली होती, त्यांत चिप नव्हती. पण पत्रक वाचतो कोण?

इथवर हसून घ्या. 2018 च्या उन्हाळ्यात मुलं पळवणारी टोळी आल्याचा मजकूर गावोगाव फिरत होता. 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण भिक्षा मागायला आले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. मजकूर कोणी लिहिला, हे मारणाऱ्यांपैकी कोणी विचारलं नव्हतं.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. काका तेव्हापासून पाच-पाचचे गठ्ठे करतात. कामाला शिस्त आहे.

हल्ली त्यांच्या मजकुरावर दोन बाण दिसतात. त्याचा अर्थ एवढाच, की तो किमान पाच हातांतून फिरून आलाय आणि लिहिणारा बहुधा त्यांपैकी कोणाच्याही ओळखीचा नाही. तेव्हा वाचकहो, तुमच्याही ग्रुपवर असे दोन बाण आले की पाठवणाऱ्याला विचारा, 'हे तुम्हाला कोणी पाठवलं?' आणि ग्रुपवरच, सगळ्यांसमोर विचारा. खासगीत नको.