कमरेखालचा इतिहास

शीर्षक वाचून ज्यांचे कान टवकारले असतील त्यांची आधीच निराशा केलेली बरी. विषय कपड्यांचा आहे, आणि तोही पुरुषांच्या.

शंभरी ओलांडलेल्या कुठल्याही मराठी शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत डोकावून पाहा. भिंतीवर आजवरच्या मुख्याध्यापकांच्या तसबिरी ओळीने टांगलेल्या असतात. पहिले दोघे पगडीत आणि अंगरख्यात, खांद्यावर उपरणं. मग रुमाल बांधलेले, बंद गळ्याच्या कोटातले. मग काळी टोपी. त्यानंतर पहिलं बोडकं डोकं येतं, तेल लावून चापून भांग पाडलेलं, खाली टाय. टाय दोन तसबिरी टिकतो, मग सफारी येते, आणि शेवटी चौकड्यांचा शर्ट, खिशाला पेन. ओळीत जागा संपल्यामुळे हे शेवटचे सर दाराच्या चौकटीवर लागलेले असतात.

एवढं पाहून झालं की पुरुषांच्या पोशाखाचा इतिहास आपल्याला कळला असं वाटतं. पण या सगळ्या तसबिरी छातीपाशी संपतात. खाली काय होतं याचा पुरावा फोटोग्राफरने ठेवलेला नाही, आणि माझ्या मते खरा इतिहास तिथेच घडला.

तो पाहायचा तर स्नेहसंमेलनाचा जुना फोटो काढावा लागतो. शिक्षक मंडळी खुर्च्यांवर बसलेली आहेत. कोट गळ्यापर्यंत बंद, खिशातून घड्याळाची साखळी लोंबते आहे, चेहऱ्यावर साक्षात इन्स्पेक्टर समोर बसल्यासारखा भाव. आणि कोट संपतो तिथे शुभ्र धोतर सुरू होतं. त्याच्या सोग्याखालून मोजे आणि बूट डोकावतात. वर लंडन, खाली संगमेश्वर! यात काही विसंगत आहे असं त्या फोटोतल्या एकालाही वाटलेलं दिसत नाही. कोट हा नोकरीचा भाग होता. संध्याकाळी घरी आलं की तो खुंटीला जायचा. धोतर मात्र दिवसभर अंगावर तेच. वरचा अर्धा सरकारचा, खालचा अर्धा आपला, अशी ही वाटणी होती. मराठी पुरुषाने ती कुठेही न लिहिता पिढ्यान्‌पिढ्या पाळली.

धोतर सोडवत नव्हतं त्याला कारणंही होती. त्याला शिवण नाही, बटण नाही, माप नाही. धोतरजोडी घ्यायची, त्यातलं एक पान अंगावर, एक दोरीवर. लग्नात सडपातळ असलेला नवरदेव सासरा होईपर्यंत कितीही सुटला तरी निऱ्या दोन कमी घातल्या की भागायचं. जमिनीवर मांडी घालता यायची, सोगा कोपरात धरून पावसाच्या पाण्यातून चालता यायचं, घाम पुसता यायचा. दोष एवढाच, की ते नेसता यावं लागायचं. कासोटा नीट बसला नाही तर सायकलवर टांग टाकताना माणसाची इभ्रत पणाला लागे.

पण ही अर्ध्या-अर्ध्याची तडजोड सगळ्यांच्या नशिबी नव्हती. कुणी काय नेसावं, किती नेसावं, गुडघ्याच्या खाली की वर, हे ज्यांना दुसऱ्यांनी बजावलेलं होतं, त्यांच्यासाठी कपडा हा सोयीचा विषय नव्हता. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॉनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभाला जोतीराव फुले मुद्दाम गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले. जरीच्या पागोट्यांच्या त्या गर्दीत त्यांनी राजपुत्रालाही ऐकवलं की खरा देश असा दिसतो. डॉ. आंबेडकरांनी उलट टोक गाठलं. कोट, पँट, टाय, बूट; अर्धं काही नाहीच. गावोगावच्या चौकांत त्यांचे पूर्णाकृती पुतळे त्याच सुटात उभे आहेत. मुख्याध्यापकांच्या तसबिरीसारखे ते छातीपाशी संपत नाहीत.

गांधीजींचं गणित आणखी वेगळं. बॅरिस्टरचा सूट घालून झाला, १९१५ साली मुंबईच्या धक्क्यावर उतरताना काठेवाडी पागोटं आणि अंगरखा घालून झाला, आणि सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला त्यांनी फक्त पंचा ठेवला. बाकीचे खालच्या अर्ध्याचं काय करावं या विवंचनेत असताना त्यांनी वरचा अर्धाच काढून टाकला! त्यांच्या नावाची टोपी त्यांच्या डोक्यावर थोडाच काळ राहिली. आपल्याकडे मात्र ती डबेवाल्यांच्या, वारकऱ्यांच्या आणि आहेरात टॉवेल-टोपी मिळालेल्या प्रत्येक मामाच्या डोक्यावर अजून आहे.

धोतर उतरलं ते एकदम पँटवर आलं नाही. मध्ये लेंगा आला. पट्ट्यापट्ट्यांचा, ढगळ, घरात आणि वाण्याच्या दुकानापर्यंत चालणारा. लेंग्याबरोबर पुरुषाच्या आयुष्यात नाडी आली, आणि तिच्यावर मी दोन शब्द जास्त खर्च करणार आहे, कारण आजवर तिच्यावर कुणी फारसं लिहिलेलं नाही. नाडी धुण्यात हमखास एका बाजूने आत जायची. मग सेफ्टी पिन शोधायची, ती नाडीच्या टोकाला अडकवायची आणि नेफ्यातून बोटांनी चाचपत इंच इंच पुढे सरकवायची. निम्म्या वाटेवर पिन उघडायची आणि कापडात रुतून बसायची. पिन नसली तर जुन्या टूथब्रशची दांडी, केसांचा आकडा, काहीही चाले. एवढं करून घाईच्या वेळी सुरगाठीऐवजी निरगाठ बसे. ती नखांनी सुटत नसे, दातांपर्यंत पोचत नसे, आणि बाहेर कुणीतरी कडी वाजवत असे.

या नाडीला पडद्यावर मान मिळवून दिला तो दादा कोंडक्यांनी. १९७१ साली ‘सोंगाड्या’ आला. गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी आणि पुढे लोंबणारी नाडी हा त्यांचा गणवेशच होऊन बसला. त्याच सुमारास हिंदी सिनेमाचे नायक गळाबंद कोटात आणि गुरू कुर्त्यात बागेतून हिंडत होते. इथे मात्र लोकांनी नाडीवाल्याला डोक्यावर घेतलं. वरवर तो विनोद होता. मला मात्र त्यात खालच्या अर्ध्याची जुनी निष्ठा दिसते.

तोवर शहरात पँटने मांड ठोकली होती. मुलाला सातवीपर्यंत हाफ पँट, कधी खांद्यावरून गॅलिस, आणि आठवीत फुल पँट. मुंजीपेक्षा या फुल पँटने मुलगा मोठा झाल्यासारखा वाटायचा. शिंपी गळ्यात पट्टी अडकवून माप घ्यायचा आणि वहीत आकडे उतरवताना विचारायचा, “मोहरी किती?” उत्तर वडील द्यायचे. “आणि आत माया जास्त ठेवा, वाढतं अंग आहे.”

त्या मोहरीने पुढे माणसाला फार नाचवलं. साठीच्या दशकातली नॅरो पँट इतकी घट्ट की ती टाचेतून काढायला धाकट्या भावाला समोर बसवून ओढायला लावत. सत्तरीत बेलबॉटम आली आणि मोहरी चोवीस इंचांपर्यंत सुटली. रस्ते झाडत चालल्यामुळे कडा फाटायच्या, म्हणून आतल्या बाजूने टाचेपाशी चेनची पट्टी शिवून घेत. थोरल्याच्या नॅरो पँटी धाकट्याला द्यायच्या तर बेलबॉटमच्या दिवसांत त्या घालणार कोण? मग शिवण उसवून गुडघ्याखाली तिकोनी तुकडे जोडायचे. कापड जुळलं नाही तर ती नवी फॅशन समजायची. बेलबॉटम आधी येऊन नॅरो मागून आली असती, तर मध्यमवर्गाचे बरेच पैसे वाचले असते. कापून अरुंद करायला काय लागतं? पण फॅशनला घरात किती मुलगे आहेत याची चौकशी करायची सवय नाही.

मग टेरीकॉटची सफारी आली. एकाच थानातून शर्ट आणि पँट, अर्ध्या बाह्या, चार खिसे. बँकेचे मॅनेजर, विम्याचे अधिकारी आणि मुलीचे वडील या तिघांनी तिला जवळ केलं. वर-खाली सारखंच कापड असलेला हा एकमेव काळ. जुनी वाटणी पहिल्यांदाच मोडली गेली. म्हणूनच की काय, ती फार टिकली नाही. आज सफारी दिसते ती आमदारांच्या अंगरक्षकांवर. पँटपीस-शर्टपीस मात्र आहेराच्या रूपाने अजून घरोघरी फिरतो आहे. तो शिवायचा नसतो, पुढच्या लग्नात पुढे सरकवायचा असतो. शिवायचा म्हटला तरी शिंपी कुठे आहे? कोपऱ्यावरचा आमचा शिंपी आता फक्त रेडीमेड पँटींची उंची कमी करून देतो. वाढवून देत नाही. रेडीमेडमध्ये माया नसते.

पट्टा आवळून, शर्ट खोचून मराठी पुरुषाने चाळीसेक वर्षं मुकाट्याने काढली. आणि मग २०२० सालच्या मार्चमध्ये सगळं जग घरात बसलं. लॅपटॉपसमोर इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, चेहऱ्यावर गांभीर्य. टेबलाखाली बर्म्युडा. अमेरिकेतल्या साहेबांशी कोट्यवधींचे व्यवहार करणारे लोक बोलता बोलता खाली पोटरी खाजवत होते. पुन्हा तसबीर छातीपाशी संपली होती. पणजोबांच्या स्नेहसंमेलनातल्या फोटोत आणि यात फरक एवढाच, की पणजोबांना उठून उभं राहायला भीती वाटत नव्हती.

त्या दोन वर्षांनी पट्टा जो गेला तो पुरता परत आलाच नाही. आता तरुण मुलं विमानतळावर, हॉटेलात, ऑफिसातसुद्धा जॉगर्स घालून जातात. नीट पाहिलं तर तो लेंगाच आहे. फक्त घोट्यापाशी आवळलेला, आणि किंमत धान्याच्या पोत्याची. पुढे नाडी आहे, आणि ती मुद्दाम बाहेर लोंबती ठेवायची असते. दादा कोंडके आज असते तर त्यांनी या कंपन्यांकडे मानधन मागितलं असतं.

राहता राहिलं धोतर. तेही परत आलं आहे, लग्नापुरतं आणि गणपतीपुरतं. मागच्या मोसमात भाच्याच्या लग्नासाठी पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर गेलो होतो. दुकानात धोतरं हँगरला टांगलेली होती. निऱ्या शिवून तयार, कासोटाही जागच्या जागी, कमरेला इलॅस्टिक, आणि कॉलरीला लावावी तशी मापाची चिठ्ठी: एम, एल, एक्सएल. ज्या कपड्याला हजार वर्षांत माप नव्हतं त्याचं एक्सएल घेऊन मला ट्रायल रूममध्ये पाठवण्यात आलं. आत आरशासमोर सवयीने श्वास रोखून मी ते वर चढवलं आणि तसाच बाहेर आलो. काउंटरवरच्या पोराने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, “काका, पोट सोडा. इलॅस्टिक आहे.”