काटा खाली, जीव भांड्यात

चिपळूणहून कराडला जायचं तर कुंभार्ली घाट चुकत नाही, आणि जुन्या गाडीतून मे महिन्यात जायचं तर तापमानाचा काटा चुकत नाही. भावोजींच्या गाडीत तो स्टिअरिंगमागे कोपऱ्यात होता. खाली सी, वर एच. मागच्या सीटवरून तो मावशीलाही दिसायचा, हीच पंचाईत.

पोफळी मागे पडली, गाडी दुसऱ्या गिअरवर कण्हू लागली आणि काटा निम्म्याच्या वर गेला.

"जावईबापू, वर चढला हो!"

"आपण चढतोय, तोही चढणार," भावोजी म्हणाले, पण त्यांचा आवाज तेवढा ठाम नव्हता. मावशीचं लक्ष होतं तेही बरोबरच होतं म्हणा. हा काटा कंपनीने मुद्दाम आळशी ठेवलेला असतो. गिऱ्हाइकाने उगाच घाबरू नये म्हणून पाणी ऐंशी अंश असो की शंभर, बऱ्याच गाड्यांत तो मध्यावरच बसून राहतो. असला काटा हलला म्हणजे काहीतरी घडलंय.

भावोजींनी एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला. उपाय शास्त्रशुद्ध होता. हीटर म्हणजे इंजिनाच्याच गरम पाण्यावर चालणारा छोटा रेडिएटर. इंजिनाची उष्णता तो माणसांच्या अंगावर काढतो. गाडीत पाच माणसं, संध्याकाळच्या साखरपुड्यासाठी निघालेली, बायका पैठण्यांत. सगळ्यांनी डोळे मिटून घेतले. आणि हीटरमधून आला साधा वारा! "गारच आहे की," ताई म्हणाली. पुढच्याच वळणावर काटा थरथरला आणि सरळ सीवर जाऊन पडला.

गाडीत टाळ्या वाजल्या. काकांनी भावोजींची पाठ थोपटली. मावशीने आंबावडीचा डबा उघडला.

घाटमाथ्यावरच्या टपरीशी चहाला थांबलो तेव्हा बॉनेटमधून गोडसर वास येत होता. "कुणीतरी पाक करतंय," मावशी म्हणाली. पाक आमचाच होता. कूलंटचा वास गोड असतो.

बॉनेट उघडणं हे आपल्याकडे जाहीर निमंत्रण समजलं जातं. एका ट्रकचा क्लीनर म्हणाला, फॅन गेला. मोटारसायकलवरचा एक तरुण म्हणाला, सेन्सरची वायर ढिली. एक जीपवाला म्हणाला, "थर्मोस्टॅट काढून फेका. मी सगळ्या गाड्यांचे काढलेत." या मंडळींना वेड्यात काढण्यात अर्थ नाही, कारण तिघांचीही दुखणी खरी असतात. उभी गाडी तापते आणि धावताना निवते, तर फॅन. काटा खड्ड्याखड्ड्याला नाचतो, तर वायर. थर्मोस्टॅट बंद अडकला तर गाडी उकळते. उघडा अडकला किंवा काढून फेकला तर सपाटीवर इंजिन नीट तापतच नाही आणि पेट्रोल जास्त पितं, हे जीपवाला सांगत नव्हता. फक्त आमच्या गाडीला यातलं काहीच झालेलं नव्हतं.

एवढ्यात काका रुमाल गुंडाळून रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले. टपरीवरचा पोरगा ओरडला, "ओ काका, भाजाल!" त्या झाकणाने पाणी दाबून धरलेलं असतं, म्हणून ते शंभराच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरवलं की सगळं एकदम उकळून तोंडावर. काकांनी रुमालाने कपाळ पुसलं, जणू त्यासाठीच काढला होता.

त्याच पोराने फोन करून हेळवाकहून मेकॅनिक बोलावला. त्याने गाडीला हात न लावता आधी आमची उलटतपासणी घेतली.

"काटा हळूहळू उतरला का एकदम पडला?"

"एकदम!" भावोजी अभिमानाने म्हणाले.

"आणि हीटर?"

"गारेगार!" मावशीने जावयाच्या गाडीची बाजू घेतली.

"मग गाडी उकळलीय," तो म्हणाला. "पाणीच न्हाई आत. सेन्सर पाण्यात बुडलेला पाहिजे, तो हवेत लोंबतोय. थर्मामीटर तोंडातनं काढून वाऱ्यावर धरला, तर ताप उतरला म्हणायचं का?" हीटरलाही पाणी पोचत नव्हतं, म्हणून तो गार. आंबावडी फुकट गेली.

खालच्या होज पाइपची क्लिप ढिली निघाली. गाडी निवेपर्यंत टपरीवाल्याचा धंदा झाला. मग क्लिप आवळली, पाणी आणि कूलंट भरलं, इंजिन चालू ठेवून आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर काढली. पांढरा धूर नाही, ऑइल दुधाळ नाही. हेड गॅसकेट वाचलं होतं. काटा उठून मध्यावर आला, तशी भावोजींच्या छातीत धडधड. "तिथंच पाहिजे तो," मेकॅनिक म्हणाला. "आता कराडपर्यंत हीटर बंद करायचा न्हाई. गरम वारा येतोय तवर पाणी आहे. गार आला की जागेवर थांबायचं."

पाटण गेलं, मल्हारपेठ गेलं. काचा खाली, हीटर पूर्ण, बाहेर मे महिना. पैठणीचा पदर कमरेला खोचून मावशी पुढच्या सीटवर येऊन बसली होती. जाळीसमोर हात धरून ती दर चार मिनिटांनी मागे वळून सांगायची, "भाजतंय हो, भाजतंय!" आणि मागून काका म्हणायचे, "छान!"