शटडाऊनकाका

भिलाईत कुठल्याही मराठी माणसाचं नवं घर प्लॅस्टर लागायच्या बेतात आलं, की शटडाऊनकाका हजर होतात. बोलवावं लागत नाही. नेहरूनगर असो, रिसाली असो, फाटकाशी स्कूटर लागते आणि खिशात टेस्टर, पायांत सेफ्टी शूज अशा थाटात काका आत येतात. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. त्या काळात विदर्भातून जी मंडळी नोकरीला आली, त्यांच्यापैकी एकाचे हे चिरंजीव. स्टील प्लांटच्या इलेक्ट्रिकल खात्यातून साठाव्या वर्षी निवृत्त झाले, म्हणजे प्लांटनं त्यांना सोडलं. त्यांनी प्लांट सोडलेला नाही.

हॉल, किचन, देवघर यांच्याकडे ते ढुंकून पाहत नाहीत. थेट बाथरूममध्ये शिरून विचारतात, "शॉवर कुठं?" मग टेप निघते, खडू निघतो. शॉवरखालच्या जागेत सव्वादोन मीटर उंचीपर्यंत स्विच नाही, प्लग नाही. तिथून बाजूला आणखी साठ सेंटिमीटर, तिथंही प्लग नाही. वहिनींनी आरशाशेजारी हौसेनं काढलेला ड्रायरचा पॉइंट नेमका त्या पट्ट्यात येतो आणि त्यावर पांढरी फुली पडते. वास्तुवाल्यांनी गीझर आग्नेयेला सांगितलेला असतो, शॉवरही तिथंच. नियमांच्या पुस्तकात त्या भागात पक्क्या बसवलेल्या, पाणी न शिरणाऱ्या गीझरला मुभा आहे. काकांच्या राज्यात नाही.

"काका, वास्तूचं काय करायचं?"

"आग्नेयेला अग्नी असतो बाप्पा, मान्य. पण ओल्या अंगाला करंट लागायला दिशा लागत नाही."

मग व्याख्यान. दोन हजार वॅटचा गीझर सुमारे नऊ अँपिअर खेचतो, म्हणून अडीच स्क्वेअर एमएमची वायर आणि सोळा अँपिअरचा पॉइंट हवा. माणूस मात्र एका अँपिअरच्या लहानशा अंशानंही जाऊ शकतो, आणि एवढ्याशानं एमसीबी हलतसुद्धा नाही. "एमसीबी वायरीला वाचवतो, आरसीसीबी माणसाला." आरसीसीबी तीस मिलिअँपिअरचाच पाहिजे: गेलेला करंट आणि परतलेला करंट यांच्यात तेवढी तफावत पडली, की वीज बंद. वायरिंग करणारा छत्तीसगढी मिस्त्री हे सगळं ऐकून घेतो आणि शेवटी शांतपणे विचारतो, "कका, ए मा नहाबो के लोहा गलाबो?"

काका हसत नाहीत. ते अर्थिंगचा खड्डा पाहायला मागच्या दारी गेलेले असतात.

खरं म्हणजे काकांना ओळखायचं तर त्यांच्याच घरी आंघोळीला जावं. गीझरचा दोन पोलचा स्विच बाथरूमबाहेर, दारावरच्या उंचीला. तो लावायचा, पाणी तापू द्यायचं, बंद करायचा आणि मगच आत जायचं. आत गेल्यावर बाहेरून काका त्या स्विचला प्लांटमधली शटडाऊनची लाल पाटी अडकवतात: "सावधान! आदमी काम पर हैं". आदमी आत साबण लावत असतो. डिसेंबरच्या थंडीत पुण्याहून आलेल्या जावयाचं पाणी मध्येच संपलं. त्यानं आतून ओरडून गीझर लावायला सांगितलं, तर काकांनी दाराबाहेरून उत्तर दिलं, "आधी बाहेर या, पाटी तुमच्या हातानं काढा. ज्याच्या नावाची पाटी, त्यानंच काढायची."

महिन्याच्या पहिल्या तारखेला ते आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबतात. घरभर अंधार होतो, काकूंची मालिका ऐन रहस्यभेदाला जाते. मे महिन्यात जमीन तडकू लागली, की काकू तुळशीला पाणी घालतात आणि काका अर्थिंगच्या खड्ड्याला. तुळशीला एक तांब्या, खड्ड्याला दोन बादल्या. माती सुकली की तिचा रोध वाढतो, हे त्यांचं कारण अगदी बरोबर आहे. टँकरच्या दिवसांत काकूंना ते पटवणं वेगळं. काकूंचं मत एवढंच, की एवढी काळजी यांनी लग्नाच्या मुहूर्ताला घेतली असती तर निम्मे गुण जुळले नसते.

आता मात्र काकांचा भाव वाढला आहे. मागच्या हिवाळ्यात त्याच वास्तुवाल्यांनी स्वतःच्या नव्या फ्लॅटच्या बाथरूमचा नकाशा गुपचूप त्यांच्याकडे पाठवला. तासाभरात तो परत गेला: गीझर नैर्ऋत्येला, आरशाशेजारच्या प्लगवर फुली आणि खाली सहीनिशी शेरा, "शटडाऊन मंजूर".